तिने न दाबलेली बेल

सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या कानात यंत्र बसवत होतो. श्रवणयंत्रं बसवणं हे माझं काम. आजोबा हट्टी होते आणि त्यांची सून त्यांच्याहून हट्टी. "यांना सगळं ऐकू येतं हो, फक्त माझं सोडून," ती म्हणाली. आजोबांना ते स्वच्छ ऐकू आलं होतं, पण ते छताकडे बघत बसले. मला हसू येत होतं. फोन टेबलावर थरथरत सरकत गेला, मी तो उलटा करून ठेवला. तो पुन्हा थरथरला. शेवटी मी घेतला.

"ताईंचे भाऊ ना? मी सेक्रेटरी बोलतोय, त्यांच्या बिल्डिंगचा. जरा बसून घ्या."

मी बसलेलोच होतो.

"ताई गेल्या हो. खाली... दरवाज्याच्या बाहेर. ऊन फार होतं आज." ते थांबले. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी पुढे म्हणाले, "आम्हाला वाटलं, बॅगवाले आहेत."

मी फोन ठेवला आणि आजोबांचं यंत्र पूर्ण बसवलं. बॅटरी कशी बदलायची तेही सांगितलं म्हणे. मला आठवत नाही. त्यांची सून नंतर भेटली तेव्हा तिने सांगितलं.

ताई त्याच सकाळी माझ्या घरून निघाली होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे आली होती आणि डॉक्टरांनी सोडेपर्यंत राहिली होती. उन्हापासून जपायला सांगितलं होतं म्हणून मी तिला मोठा काळा चष्मा आणि रुंद काठाची टोपी आणून दिली. "सिनेमातली बाई दिसतेय मी," ती आरशासमोर म्हणाली. तिच्या पिशवीची चेन तुटली होती, म्हणून माझी चाकांची बॅग दिली. ताईने जन्मात कधी टोपी घातली नव्हती की चाकांची बॅग ओढली नव्हती. ती जन्मभर हॉस्पिटलात मेट्रन होती. खांद्याला पिशवी, पाठ ताठ, आणि समोरचा बोलायच्या आत उत्तर तयार. आई गेल्यावर मला वाढवलं तेही तिनेच, त्याच पद्धतीने.

मी तिला बसमध्ये बसवलं. खिडकीतून म्हणाली, "जा आता. लोकांचे कान वाट बघतायत."

बॅगवाले म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ताईची बिल्डिंग समुद्राजवळच्या एका अरुंद गल्लीत आहे. लिफ्ट नाही. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या लादीचा जिना, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दारं. लोक तिथे राहत, म्हातारे होत, एकमेकांच्या किल्ल्या सांभाळत. मग एका माणसाने तिथला एक फ्लॅट घेतला, पाठोपाठ आणखी काही घेतले, आणि ते सुट्टीवर येणाऱ्यांना दिवसाच्या भाड्याने द्यायला लागला. बिल्डिंगमध्ये त्याला किल्लीवाला म्हणत, कारण प्रत्येक दाराशेजारी त्याने आकडे जुळवून उघडायची किल्लीची डबी ठोकली होती. लोक बदलत राहिले. जिन्यावरून बॅगांची चाकं आपटत वर जात. ओले टॉवेल कठड्यावर, पायरीवर वाळू, जिन्यात सनस्क्रीनचा गोडसर वास. आणि बेल. कुणाला आकडे आठवत नसत, कुणाला मजला कळत नसे, मग ते खालच्या पाटीवरची दिसेल ती बटणं दाबत. आजारी माणूस डोळा लागून पडलेला, कुणाचं तान्हं मूल नुकतं झोपलेलं, आणि इंटरकॉमवर अनोळखी आवाज: सॉरी, जरा दार उघडता का?

किल्लीवाल्याशी भांडायला पुढे कोण, तर ताई. बेलला उत्तर द्यायचं नाही हा नियमही तिचाच. "आपला माणूस किल्लीने येतो," तिने सगळ्यांना सांगितलं. "बेल वाजवतो तो बॅगवाला. रिसीव्हर उचलायचा नाही, खिडकीतून बघायचं नाही. कंटाळतील आणि जातील." मेट्रनबाईंचा शब्द. सगळ्यांनी पाळला.

आणि ते जिंकलेही. ताई माझ्याकडे होती तेव्हाच किल्लीवाल्याचा धंदा थांबवायचा हुकूम आला. ताई माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होती, तोंडभर हसू. "आता खालच्या दाराचं कुलूप बदलून टाका," ती सेक्रेटरींना म्हणाली. "जुन्या किल्ल्या किती जणांकडे फिरतायत कोण जाणे. माझी नवी किल्ली तुमच्याकडेच असू दे, आल्यावर घेते."

ती आली तेव्हा हे विसरली असावी. जुनी किल्ली लागली नाही. डोळ्यांत औषध, फोनचा पडदा धूसर. मग तिने बेल वाजवल्या. वरून दोघाचौघांनी पाहिलंही, नियम मोडून. टोपी, काळा चष्मा, बॅगेवर बसलेली बाई. बिल्डिंगमध्ये कित्येक दिवस एकही बॅगवाला आला नव्हता, येणारही नव्हता. तरी सगळ्यांना बॅगवालाच दिसला.

*

सगळं आटोपल्यावर मी तिचं घर आवरायला गेलो. सेक्रेटरी खालीच उभे होते. एका कापडाच्या दुकानात त्यांनी आयुष्य काढलं होतं, बोलताना हात अजून काहीतरी मापत असत. त्यांनी खिशातून नवी किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ दोन्ही हातांनी मिटली.

"ही त्यांचीच," ते म्हणाले. "मी रोज खिशात ठेवत होतो. येतील तेव्हा लगेच देता यावी म्हणून."

मी जिना चढलो. दारं उघडत होती, चेहरे डोकावत होते. काही लागलं तर सांगा. जेवायला आमच्याकडेच या. ताईच्या समोरच्या दारातल्या बाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आता दवाखाना बंद केलेल्या. बिल्डिंग त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे. ताईची आणि त्यांची संध्याकाळची बैठक कधी चुकली नव्हती. त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि दार लावून घेतलं.

घरात ताईचा वास होता. साबण, इस्त्रीचे कपडे, आणि हॉस्पिटल सोडून इतकी वर्षं झाली तरी कुठेतरी फिनेलचा. मी माझी कपड्यांची दुसरी बॅग पलंगापाशी ठेवली, पडदे ओढले. बाहेर ऊन पांढरंशुभ्र होतं आणि आत पडद्याआडचा तो तपकिरी अंधार, दुपारचा, ज्यात वस्तू दिसतात पण त्यांच्या कडा दिसत नाहीत.

मी कपाटातले कपडे काढत होतो तेव्हा बेल वाजली.

आमच्या घरात नव्हे. खाली, तळमजल्यावर कुठेतरी. इंटरकॉमचा घोगरा, लांबट आवाज, भिंतींतून पातळ होऊन आलेला. थोडा वेळ गेला. पुन्हा वाजली, त्याच मजल्यावर, दुसऱ्या घरात. मग वरच्या मजल्यावर. कुणी घाईत नव्हतं. एक बेल, मग वाट बघण्याइतका वेळ, मग पुढची. माझं आयुष्य आवाजांत गेलंय, म्हणून लक्षात आलं असेल, पण प्रत्येक बेलआधी तिथला टीव्ही बंद होत होता. आधी टीव्ही गप्प, मग बेल. म्हणजे आता आपली पाळी, हे त्या घराला ठाऊक होतं.

कुणीच उचलत नव्हतं.

समोर डॉक्टरीणबाईंकडे वाजली. मी ताईच्या इंटरकॉमकडे बघत उभा राहिलो. दाराशेजारी तो टांगलेला होता, पिवळट, रिसीव्हरवर तिने बांधलेला स्वच्छ रुमाल. आता हा वाजणार. मी हात पुढे केला होता.

तो वाजला नाही. वरच्या मजल्यावर वाजली.

मी जिना धावत उतरलो. खालचं दार काचेचं. बाहेर गल्ली रिकामी, ऊन, समोरच्या भिंतीवर झोपलेलं मांजर. दार उघडून मी दोन्हीकडे पाहिलं. पाटीवरची बटणं हाताला चटका लागावा इतकी तापली होती. एक सोडून. ताईच्या नावाचं बटण गार होतं. मग बघितलं तर आणखीही काही गार होती. ती किल्लीवाल्याच्या फ्लॅट्सची.

सगळी बटणं एकाच उन्हात होती.

*

"वायरिंग आहे," सेक्रेटरी म्हणाले. संध्याकाळी ते चहा घेऊन वर आले होते. "समुद्राची हवा. गंज धरतो. वाजतात रोज दुपारी."

"रोज दुपारी?"

"ऊन तापलं की तार फुगते." त्यांच्या हातांनी फुगलेली तार मापून दाखवली. "वायरमनला बोलावलं होतं. त्याला काही सापडलं नाही. मग मी पाटीचं कनेक्शनच काढून टाकलं."

"मग?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मग काचेवर टकटक सुरू झाली. अंगठीने वाजवल्यासारखी. ती नाही हो ऐकवत. शेवटी बायकाच म्हणाल्या, कनेक्शन जोडा, बेल परवडली."

"सेक्रेटरी," मी म्हणालो, "तुम्हालाही माहीत आहे कोण आहे ते."

"नियम त्यांचाच होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "आम्ही आपला तोच पाळतोय."

दुसऱ्या दिवशी जिन्यात किल्लीवाला भेटला. भिंतीवरची डबी काढत होता. माझ्या डोक्यात एक जाडजूड, बनेल माणूस होता. हा किरकोळ, केस विरळ, स्क्रू दातांत धरलेला. मला पाहून त्याने स्क्रू काढला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "माझं नि ताईंचं कधी पटलं नाही. मला जिन्यात उभं करून झापायच्या, माझ्या आईने झापलं नसेल असं. पण खरं सांगू का? त्या दिवशी माझा एक जरी गेस्ट वर असता ना... दार उघडलं असतं त्याने. त्यांना कुठे माहीत असतो नियम."

मी मान हलवली. त्याचं खोटं नव्हतं.

"दुपारी तुमच्याकडे वाजते का?" मी विचारलं.

"नाही." तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मी मुद्दाम येऊन बसलो होतो. म्हटलं, वाजली तर उघडू, आपलं काय जातंय? सगळ्यांकडे वाजली. आमचं बटण नाही दाबलं. आता तरी मला माफ करायचं होतं की नाही?"

त्या रात्री मी अंथरुणात पडून ते नीट लावून पाहिलं आणि मग सगळं स्पष्ट झालं. किल्लीवाल्याचं बटण ती दाबणार नव्हती, मेली तरी. आणि स्वतःचं का दाबेल? घरी कोण आहे? ती एकटी राहते. आपल्याच रिकाम्या घराची बेल कोण वाजवतं?

त्या बिल्डिंगमध्ये तिला दार उघडायला तयार असलेली माणसं दोनच होती, किल्लीवाला आणि मी. आणि त्या दोन्ही बेल ती सोडून देत होती. दररोज, उन्हात, बॅगेवर बसून.

*

डॉक्टरीणबाईंनी दार साखळीइतकंच उघडलं.

"मला दुपारी तुमच्याकडे बसू द्या," मी म्हणालो.

"कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला. तुमच्याकडे वाजते. तुम्ही नका उचलू. मी उचलतो."

"नाही," त्या म्हणाल्या. मग साखळीमागून, अगदी हळू, "मी पाहिलं होतं त्यांना. खिडकीतून. मी म्हटलं, बघा बाई, कशी ऐसपैस बसलीय, जशी हिच्या बापाची गल्ली. टोपी बघून म्हटलं. भाऊ, ओळखलं नाही हो मी. रोज त्यांच्याबरोबर बसणारी मी."

"तुम्ही काय, मीही ओळखलं नसतं. टोपी मीच दिली होती."

"उघडलं आणि त्या खरंच वर आल्या तर?"

"तर घरी येतील."

"आणि माझ्या दारासमोरूनच जातील ना," त्या म्हणाल्या. "मी काय तोंड दाखवू त्यांना?"

मी ताईची पद्धत वापरली. म्हणालो, "तोंड दाखवू नका. स्वयंपाकघरात जाऊन बसा आणि पाणी उकळत ठेवा. उन्हातून येतेय ती."

साखळी निघाली.

त्यांच्या घरात ताईच्या घरासारखीच मांडणी, फक्त आरशातल्यासारखी उलटी. इंटरकॉम डावीकडच्या भिंतीला. कोपऱ्यात दवाखान्यातली जुनी खुर्ची कापडाने झाकून ठेवलेली, तिचं डोकं तेवढं वर आलेलं. लवंगाच्या तेलाचा वास. मी स्टुलावर बसलो. पडदे बंद. खाली एका घरातला टीव्ही बंद झाला.

पहिली बेल.

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पदराचं टोक तोंडाशी धरून. आम्ही ऐकत राहिलो. एक घर. वाट. दुसरं घर. मला प्रथमच त्या मधल्या वेळात काय आहे ते कळलं. कुणी उचलेल अशी आशा होती त्यात, आणि ती प्रत्येक बेलला तेवढीच होती, कमी होत नव्हती. तेच सहन होईना.

आमच्या डोक्याशेजारी बेल वाजली. मी रिसीव्हर उचलला.

आधी समुद्र ऐकू आला. मग रस्ता. मग श्वास, जरा धापेचा.

"डॉक्टरीणबाई? उचललात एकदाच्या." ताई. तिचाच आवाज, जरा कोरडा. "अहो, कुलूप बदललंय ना, मी साफ विसरले. मीच सांगितलेलं आणि मीच... उघडा जरा. ऊन फार आहे."

"ताई," मी म्हणालो.

समुद्र.

"कोण?"

"मी. छोट्या."

मी रिसीव्हर इतका घट्ट दाबला होता की कान दुखायला लागला.

"छोट्या तिकडे आहे," ती सावकाश म्हणाली. "त्यानेच तर मला बसमध्ये बसवलं."

"ताई, मीच तो. मी आलोय. मी वर—"

"माझ्याकडून चुकून दुसरीच बेल दाबली गेली वाटतं," ती म्हणाली. आवाज बदलला होता. परक्या माणसाशी बोलताना ती वापरायची तो, नम्र, नीट घडी घातलेला. माझ्याशी तिने तो आयुष्यात वापरला नव्हता. "डोळ्यांना नीट दिसत नाहीये. माफ करा हं."

मी खालचं दार उघडायचं बटण दाबलं.

खाली दाराचा खटका वाजला. अख्ख्या बिल्डिंगने तो ऐकला असणार, कारण त्यानंतर जी शांतता पडली तीत कुणी कूससुद्धा बदलली नाही. मग दार ढकलल्याचा आवाज. मग चाकं, लादीवरून, खर्रर्र. मग पहिली पायरी.

टक.

बॅग जड असावी. एक पायरी, मग थांबून श्वास. टक. तळमजल्यावरून कुणीतरी हुंदका दाबल्याचं मला ऐकू आलं. टक. वळणावर चाकं भिंतीला घासली. सनस्क्रीनचा नव्हे, तापलेल्या कापडाचा वास दाराच्या फटीतून आत आला, उन्हात वाळत घातलेल्या चादरींना येतो तसा.

"भाऊ," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या, "मी बघू... दाराच्या भिंगातून?"

"नको."

पावलं आमच्या दाराशी थांबली. दोन दारांच्या मध्ये, जिथे रोज संध्याकाळी उभं राहून या दोघी एकमेकींना "चला, झोपा आता" म्हणायच्या. माझ्यात आणि ताईत लाकडाची एक फळी होती. मला एवढंच करायचं होतं की कडी काढायची. मी त्यासाठीच आलो होतो, असं मला वाटत होतं. पण ती ज्या सुरात "माफ करा" म्हणाली होती, तो अजून कानात होता. मी दार उघडलं असतं तर तिने माझ्याकडे त्याच सुरात पाहिलं असतं.

समोरच्या कुलपात किल्ली फिरली. ती जुनीच होती, ते कुलूप कुणी बदललं नव्हतं. दार उघडलं, चाकं उंबऱ्यावरून आत गेली, दार लागलं.

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "घरी आल्या," त्या म्हणाल्या. "घरी आल्या हो."

भिंतीपलीकडे नळ सुरू झाला. कपाट उघडलं. खुर्ची ओढली. ताई पाणी पिताना शेवटी एक सुस्कारा टाकते, तो आला. मला माहीत नाही किती वेळ आम्ही दोघं तसे ऐकत होतो. मला वाटतं, आईनंतर प्रथमच मी इतका स्वस्थ झालो असेन.

मग पलीकडे पावलं पलंगापर्यंत गेली आणि थांबली.

"ही कुणाची बॅग?" ताई म्हणाली.

भिंतीतून, पण शब्द न् शब्द. मेट्रनचा आवाज.

"माझ्या घरात... कोण राहतंय?"

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, आतून कुणी नसलेलं. पलीकडे माझ्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. सावकाश, एकेक दात. मग माझे कपडे एकेक बाहेर काढून पलंगावर ठेवल्याचा.

मी जिना उतरलो. पायांत चप्पल नव्हती. माझी चप्पल तिच्या दारात, आतल्या बाजूला होती. काचेच्या दारातून बाहेर पडलो आणि तापलेल्या रस्त्यावरून बस स्टँडपर्यंत तसाच चालत गेलो.

*

त्यानंतर बेल वाजल्या नाहीत. सेक्रेटरींनी फोन करून सांगितलं, बिल्डिंग शांत आहे, सगळे दुपारी झोपतात. किल्लीवाल्याचाही फोन आला होता. घर विकायचं असेल तर आधी मला विचारा म्हणाला, मग ओशाळून, "नाही, राहू द्या." मी काम करत राहिलो. लोकांचे कान वाट बघत होते.

डॉक्टरीणबाईंचा फोन परवा संध्याकाळी आला. मी माझा दवाखाना बंद करत होतो.

"काय भाऊ, ही काय रीत झाली?" त्या खुशीत होत्या. "आलात, आणि माझ्याकडे डोकावलातसुद्धा नाही! मी आपली सकाळपासून वाट बघतेय, आता येतील, मग येतील. पण तुमचं दोघांचं बोलणं काही संपतच नाही."

"डॉक्टरीणबाई," मी म्हणालो, "मी इथे दवाखान्यात आहे."

"थांबा," त्या म्हणाल्या, अगदी हळू. मग चालल्याचा आवाज, मग फोन भिंतीला टेकवल्याचा.

ताई हसत होती. मी ते हसू कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, मी शाळेतून येऊन मास्तरांच्या नकला करायचो तेव्हाचं. आणि मध्येमध्ये एक पुरुषाचा आवाज, खालच्या पट्टीतला, समजावून सांगणारा.

स्वतःचा आवाज बाहेरून कसा येतो ते माणसाला माहीत नसतं. यंत्र नवं बसवलं की लोक दचकतात, विचारतात, हे कोण बोलतंय? मी त्यांना सांगतो, तुम्हीच. सवय होईल.

"माझा आहे का?" मी विचारलं.

"मला काय विचारता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका कानाने तुम्हाला फोनवर ऐकतेय आणि दुसऱ्याने भिंतीतून." मग, "बेल वाजवू का मी त्यांची? विचारू, कोण आलंय म्हणून?"

मी म्हणालो, थांबा, मी विचार करून सांगतो.

त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही.